ट्रेन सिम्युलेटरमध्ये गर्दीचं यार्ड आलं की गेम का अडखळतो? कारणं, चाचण्या आणि उपाय

इगतपुरीहून मालगाडी घेऊन निघालात. नाशिकरोड, निफाड, लासलगाव सगळं सुरळीत पार पडलं. मनमाड जवळ आलं, होम सिग्नल दिसला, डाव्या-उजव्या बाजूला उभ्या असलेल्या मालगाड्या दिसू लागल्या आणि फ्रेम रेट एकदम कोसळला. ब्रेक मारला तर तो लागल्याचं अर्ध्या सेकंदाने कळतं. सव्वाशे किलोमीटर व्यवस्थित चालवलेली गाडी शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये सिग्नल ओलांडते आणि सिनॅरिओ संपतो.

ट्रेन सिम्युलेटर खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'ग्राफिक्स कार्ड बदला'. गर्दीच्या यार्डाच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याचदा चुकीचा असतो आणि त्यात पैसे फुकट जातात. म्हणून या लेखात आधी दुखणं कुठे आहे ते कसं शोधायचं हे पाहू आणि मग स्वस्तातून महागाकडे या क्रमाने उपाय पाहू.

उदाहरणासाठी मी ओपन रेल्स हा सिम्युलेटर घेतला आहे. तो मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचे रूट आणि गाड्या त्यात चालतात. भारतीय इंजिनं आणि वॅगन्सची हौशी मंडळींनी बनवलेली मॉडेल्स या फॉरमॅटमध्ये भरपूर आहेत. तुम्ही ट्रेन्झ किंवा ट्रेन सिम्युलेटर क्लासिक वापरत असाल तर मेन्यूची नावं बदलतील, पण तत्त्वं तीच राहतील.

यार्डच का जड जातं?

सिन्नरला पॅसेंजर रेल्वे नाही. आमच्यासाठी रेल्वे म्हणजे नाशिकरोड, आणि खरं यार्ड बघायचं तर मनमाड. मनमाड हे मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरचं जंक्शन आहे. इथूनच दौंडकडे आणि छत्रपती संभाजीनगरकडे फाटे जातात. जवळच पानेवाडीला इंधन कंपन्यांचे डेपो आहेत आणि गावात अन्न महामंडळाचं मोठं धान्य कोठार आहे. त्यामुळे टँकर वॅगन्स, बंद धान्य वॅगन्स, उघड्या कोळशाच्या वॅगन्स असं सगळं एकाच ठिकाणी दिसतं. सिनॅरिओ बनवणाऱ्याला हे सगळं दाखवायचा मोह होतो, आणि तिथेच हिशोब बिघडतो.

हिशोब करून बघू. भारतातला बॉक्सएन वॅगनचा रेक साधारण ५८ वॅगन्सचा असतो, बीसीएनचा ४२ च्या आसपास आणि बीटीपीएन टँकरचा ५० च्या आसपास. समजा तुमच्या यार्डात २ बॉक्सएन, ३ बीसीएन आणि २ टँकर रेक उभे आहेत.

- बॉक्सएन : २ × ५८ = ११६
- बीसीएन : ३ × ४२ = १२६
- टँकर : २ × ५० = १००
- प्रत्येक रेकला एक ब्रेक व्हॅन : ७

एकूण ३४९ वाहनं. आता एक वॅगन म्हणजे सिम्युलेटरसाठी एक वस्तू नसते. बॉडी, दोन बोगी, फिरणाऱ्या चार चाकजोड्या हे सगळे वेगळे भाग असतात. बॉडीला तीन वेगवेगळी टेक्स्चर्स असतील तर तिचेही तीन भाग पडतात. म्हणजे एका वॅगनसाठी किमान ९ वेळा प्रोसेसरला ग्राफिक्स चिपला सांगावं लागतं की 'हे काढ'. या सांगण्याला ड्रॉ कॉल म्हणतात.

३४९ × ९ = ३,१४१ ड्रॉ कॉल, आणि ते प्रत्येक फ्रेमसाठी.

सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. समजा तुमच्या प्रोसेसरला एका ड्रॉ कॉलच्या तयारीला १० मायक्रोसेकंद लागतात. मग नुसत्या उभ्या वॅगन्सवर ३१ मिलिसेकंद खर्च झाले. अजून रूळ, झाडं, प्लॅटफॉर्म, ओव्हरहेड वायर, सिग्नल, तुमची स्वतःची गाडी, काहीच मोजलेलं नाही. त्यात सावल्या चालू असतील तर सावलीसाठी तीच वॅगन पुन्हा काढावी लागते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे काम प्रोसेसरचं आहे. ग्राफिक्स कार्ड कितीही दमदार असलं तरी प्रोसेसरने सांगेपर्यंत ते बसून राहतं.

झाकलेलंही काढलं जातं

दुसरी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तुम्ही कॅबमध्ये बसला आहात आणि शेजारच्या लाइनवर बीसीएनचा रेक उभा आहे. बंद, उंच वॅगन. तिच्या पलीकडच्या पाच लाइन तुम्हाला दिसत नाहीत. पण ओपन रेल्स त्या पाचही लाइन काढतो. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय आहे आणि ठरलेल्या अंतरापलीकडे काय आहे एवढंच तो गाळतो. एका वस्तूमागे दुसरी पूर्ण लपली आहे का, हे तो तपासत नाही.

म्हणजे तुम्हाला दिसत असलेल्या ४२ वॅगन्ससाठी तुमचा लॅपटॉप ३४९ वॅगन्सचं काम करत असतो. पुढे उपायांमध्ये याचाच फायदा घ्यायचा आहे.

फ्रेम रेट कमी असला तर बिघडतं काय?

'थोडं अडखळतं, चालतंय की' असं म्हणणाऱ्यांसाठी हे. शंटिंगची कमाल वेगमर्यादा १५ किमी प्रति तास धरू. म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. ३० एफपीएसला दोन फ्रेममध्ये गाडी १४ सेंटिमीटर सरकते. १० एफपीएसला ४२ सेंटिमीटर. उभ्या रेकला जोडायला जाताना शेवटच्या मीटरभरात तुम्हाला जेमतेम दोन-तीन चित्रं दिसतात आणि त्यावरून ब्रेकचा अंदाज बांधायचा असतो. शिवाय दाबलेली कळ पुढच्या फ्रेमपर्यंत लागू होत नाही. तुमचं ड्रायव्हिंग चांगलं असूनही कपलिंग आदळतं ते यामुळे.

आधी मोजा, मग हात लावा

सेटिंग्ज अंदाजाने बदलत बसू नका. चार चाचण्या करा, अर्धा तास पुरतो.

तयारी : यार्डात शिरण्याच्या थोडं आधी एफ२ दाबून गेम सेव्ह करा. प्रत्येक चाचणी याच सेव्हपासून, याच कॅमेऱ्यातून करायची. नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही.

चाचणी १ : डीबग पान. एफ५ दाबा, मग शिफ्ट आणि एफ५ दाबत शेवटच्या म्हणजे डीबग माहितीच्या पानावर या. इथे एफपीएससोबत फ्रेमच्या वेळेचे ५०, ९५ आणि ९९ असे पर्सेंटाइल दिसतात. ९९ वा आकडा म्हणजे शंभरातल्या ९९ फ्रेम एवढ्या वेळेच्या आत झाल्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि मोठे असतील तर गेम सतत संथ आहे. पहिला लहान आणि शेवटचा खूप मोठा असेल तर गेम मधूनमधून गचके खातोय. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

याच पानावर रेंडर, अपडेटर, लोडर आणि साउंड अशा चार प्रोसेसचे टक्के दिसतात. रेंडर म्हणजे चित्र काढण्याचं काम, अपडेटर म्हणजे गाड्यांचं भौतिकशास्त्र, सिग्नल आणि पुढच्या फ्रेमची जुळवाजुळव, लोडर म्हणजे डिस्कवरून फाइल्स आणणं. जी प्रोसेस शंभराच्या जवळ चिकटलेली आहे, तिथे अडथळा आहे. रेंडर प्रिमिटिव्ह्ज आणि शॅडो प्रिमिटिव्ह्ज हे आकडेही लिहून ठेवा. वर केलेला ड्रॉ कॉलचा हिशोब तुमच्या यार्डासाठी प्रत्यक्षात किती येतो, ते यावरून कळेल.

चाचणी २ : पाठ फिरवा. ८ दाबून फ्री कॅमेरा घ्या आणि यार्डाकडे पाठ करा. एफपीएस झटकन वाढला तर दुखणं चित्र काढण्यात आहे. यार्ड दिसत नसतानाही एफपीएस तेवढाच राहिला तर दुखणं गाड्यांच्या गणितात आहे, म्हणजे एआय गाड्या, सिग्नल वगैरे.

चाचणी ३ : खिडकी लहान करा. ऑप्शन्समधल्या व्हिडिओ टॅबमध्ये विंडो साइझ कमी करा, समजा १९२० × १०८० वरून १०२४ × ७६८. एफपीएस बराच वाढला तर ग्राफिक्स चिप दमत होती. फरकच पडला नाही तर ग्राफिक्स चिप मोकळी आहे आणि प्रोसेसर अडतोय.

चाचणी ४ : टास्क मॅनेजर नीट वाचा. 'सीपीयू १५ टक्केच वापरला जातोय, मग प्रोसेसर कसा कमी पडतो?' हा प्रश्न हमखास येतो. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. तुमच्या प्रोसेसरला ८ लॉजिकल कोअर असतील आणि त्यातला एक पूर्ण कामात असेल, तरी सरासरी १२.५ टक्केच दिसते. ओपन रेल्स कामं वाटून देतो, पण चित्राची तयारी मुख्यत्वे एकाच धाग्यावर होते. म्हणून इथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो.

या चाचण्यांनी एक खरेदी वाचवली, ते सांगतो. माझ्या चुलतभावाकडे जुना डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि फिरती हार्ड डिस्क. दुकानदाराने त्याला नवं ग्राफिक्स कार्ड आणि त्यासाठी नवा पॉवर सप्लाय असं पॅकेज सुचवलं होतं. मुसळगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसासाठी तो महिन्याच्या पगाराचा मोठा भाग होता. आम्ही चाचणी ३ केली. खिडकी लहान करून एफपीएस जागचा हलला नाही. ग्राफिक्स कार्डाचा विषय तिथेच संपला. त्याने त्याऐवजी एसएसडी घेतली, सिनॅरिओतल्या वॅगन्स कमी केल्या, आणि आता तोच डेस्कटॉप वापरतोय.

उपाय १ : सिनॅरिओची छाटणी (फुकट, सर्वात परिणामकारक)

सेटिंगच्या आधी सिनॅरिओकडे बघा. प्रत्येक उभ्या रेकसाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

हा रेक मी जोडणार आहे का? असेल तर तो ठेवायचाच.

तो मला कॅबमधून दिसणार आहे का? मघाशी पाहिलं तसं, झाकलेले रेकही काढले जातात. म्हणून तुमच्या लाइनच्या लगत बीसीएन किंवा बॉक्सएनसारखा उंच रेक ठेवा आणि त्यापलीकडच्या लाइन रिकाम्या सोडा. कॅबमधून यार्ड भरलेलंच वाटतं. कंटेनरच्या रिकाम्या सपाट वॅगन्स लगतच्या लाइनवर ठेवल्या तर मात्र त्यावरून पलीकडचं दिसतं, म्हणून त्या या कामाला उपयोगी नाहीत. पादचारी पुलावरून किंवा बाहेरच्या कॅमेऱ्यातून खेळायची सवय असेल तर ही युक्ती उघडी पडेल, तेवढं लक्षात ठेवा.

पूर्ण लांबीचा रेक हवाच का? ५८ बॉक्सएन म्हणजे सुमारे ६२० मीटर. सायडिंगमध्ये २० वॅगन्सचा तुकडाही स्वाभाविक दिसतो.

'पण मग यार्ड खरं वाटणार नाही' अशी शंका येईल. उलट आहे. सगळ्या लाइन ठासून भरलेलं यार्ड प्रत्यक्षात चालूच शकत नाही. येणारी गाडी घ्यायला लाइन मोकळी लागते, इंजिन पुढून मागे न्यायला मोकळी लाइन लागते. रिकाम्या लाइन हा खऱ्या यार्डाचाच भाग आहे.

वरच्या उदाहरणात ७ ऐवजी ३ रेक ठेवले, एक बीसीएन, एक टँकर आणि २० वॅगन्सचा बॉक्सएन तुकडा, तर वाहनं ३४९ वरून ११५ वर येतात. ड्रॉ कॉल ३,१४१ वरून १,०३५. एक रुपया न खर्च करता दोन-तृतीयांश भार उतरला.

उभ्या रेकवरची इंजिनंही काढा. इंजिनाचं मॉडेल वॅगनपेक्षा जड असतं, त्याला दिवे, आवाज, डिझेल असेल तर धूर असतो. सायडिंगमधल्या रेकला इंजिन नसणं अगदी नैसर्गिक आहे.

उपाय २ : शोभेच्या वॅगन्सना सीनरी बनवा

सिनॅरिओत ठेवलेला सुटा रेक आणि रूटमध्ये ठेवलेली निर्जीव वस्तू यात सिम्युलेटरच्या दृष्टीने मोठा फरक आहे. सुटा रेक ही उभी असली तरी एक गाडी असते. तिला ब्रेक असतो, कपलिंग असतं, आवाज असतो. झाड किंवा घर मात्र फक्त एक आकार असतो.

शिवाय सीनरीसाठी ओपन रेल्समध्ये मॉडेल इन्स्टन्सिंगची सोय आहे. एका टाइलमध्ये तोच आकार पन्नास वेळा आला असेल तर तो पन्नास जागांच्या यादीसह एकदाच सांगितला जातो. म्हणजे पन्नास सूचनांऐवजी एक. गाड्यांमधल्या वॅगन्सना हा फायदा मिळत नाही. तुमच्या आवृत्तीत या नावाचा पर्याय दिसत असेल तर तो चालू ठेवा.

म्हणून ज्या वॅगन्सना तुम्ही कधीच हात लावणार नाही, त्या रूट एडिटरमधून सीनरी म्हणून ठेवा. टीएसआरई हा मोफत एडिटर यासाठी सोयीचा आहे. वॅगनची शेप फाइल रूटच्या शेप्स फोल्डरमध्ये आणि टेक्स्चर्स रूटच्या टेक्स्चर्स फोल्डरमध्ये कॉपी करावी लागतात.

चार गोष्टी सांभाळा :

- सीनरी वॅगनला गाडी जोडता येत नाही. तिच्यावर गेलात तर गाडी आरपार जाते. म्हणून फक्त ज्या लाइनवर कोणतीच गाडी येणार नाही तिथेच ठेवा.
- सीनरी रूटचा भाग होते, त्यामुळे त्या रूटच्या सगळ्या सिनॅरिओंमध्ये दिसते. आधी रूटची प्रत काढून ठेवा.
- वर्ल्ड ऑब्जेक्ट डेन्सिटी कमी ठेवली तर काही सीनरी दिसेनाशी होते, त्यात तुमच्या वॅगन्सही जाऊ शकतात.
- मॉडेल दुसऱ्या कोणी बनवलेलं असेल तर स्वतःच्या संगणकावर वापरायला सहसा हरकत नसते, पण बदललेला रूट वाटायचा असेल तर मूळ निर्मात्याची परवानगी घ्या.

उपाय ३ : वॅगनच्या मॉडेलची तपासणी

दोन बॉक्सएन सारख्या दिसतात, पण एक दुसरीपेक्षा कितीतरी जड असू शकते. फरक दोन ठिकाणी असतो.

एलओडी, म्हणजे अंतरानुसार तपशील. चांगल्या मॉडेलमध्ये तीन-चार पातळ्या असतात. जवळून ब्रेकचे पाइप, शिडी, कडीकोयंडे सगळं. तीनशे मीटरवर नुसता डबा आणि चाकं. हजार मीटरवर जवळजवळ खोका. काही मॉडेल्समध्ये मात्र एकच पातळी असते आणि दोन किलोमीटरवरची वॅगनसुद्धा पूर्ण तपशिलासह काढली जाते. शेप व्ह्यूअरसारख्या टूलमध्ये फाइल उघडली की पातळ्या आणि प्रत्येक पातळीचे पॉलिगॉन दिसतात. शोभेच्या रेकसाठी जास्त पातळ्यांचं मॉडेल निवडा, देखणं मॉडेल तुमच्या स्वतःच्या गाडीला लावा.

टेक्स्चरचा आकार. २०४८ × २०४८ चं एक टेक्स्चर कॉम्प्रेशनशिवाय असेल तर मेमरीत १६ एमबी घेतं. दुरून दिसण्यासाठीच्या लहान प्रती धरल्या तर सुमारे २१ एमबी. तेच डीएक्सटी१ कॉम्प्रेशनमध्ये २ एमबी आणि डीएक्सटी५ मध्ये ४ एमबी होतं, लहान प्रती वेगळ्या. लॅपटॉपच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला ही मेमरी रॅममधूनच मिळते, हे विसरू नका.

आता एक खास आपल्याकडची अडचण. वॅगनचे नंबर वेगवेगळे दिसावेत म्हणून एकाच वॅगनची दहा फोल्डर्स बनवलेली असतात, प्रत्येकात तीच शेप आणि बहुतेक तीच टेक्स्चर्स. सिम्युलेटर फाइल ओळखतो ती तिच्या पत्त्यावरून, आतल्या मजकुरावरून नाही. म्हणजे दहा फोल्डर्समधली तीच बोगीची फाइल दहा वेळा मेमरीत जाते. शोभेच्या रेकमध्ये एकाच फोल्डरची वॅगन पुन्हापुन्हा वापरली की हा भार जातो. वॅगन फाइलमध्ये शेपच्या नावाआधी शेजारच्या फोल्डरचा पत्ता देऊनही एकच शेप अनेक वॅगन्सना वापरता येते. पलीकडच्या लाइनवरच्या वॅगनचा नंबर कोणी वाचत नाही.

उपाय ४ : एआय गाड्यांचं वेळापत्रक

चाचणी २ मध्ये पाठ फिरवूनही एफपीएस वाढला नसेल तर इथे लक्ष द्या. चालती एआय गाडी उभ्या रेकपेक्षा महाग असते, कारण तिचा मार्ग, सिग्नल, ब्रेक सगळं सतत मोजावं लागतं.

- सगळ्या गाड्या सिनॅरिओच्या सुरुवातीलाच सोडू नका. तुम्ही मनमाडला पोहोचायच्या वेळी जेवढ्या दिसायला हव्यात तेवढ्याच त्या वेळी चालू ठेवा.
- अॅक्टिव्हिटीमध्ये एआय गाडी तिच्या पाथच्या शेवटी नाहीशी होते. ज्या गाडीचं काम संपलं तिचा पाथ उगाच लांबवू नका.
- टाइमटेबल मोडमध्ये पोहोचलेल्या रेकपासूनच पुढची गाडी तयार करता येते. नवा रेक ठेवण्यापेक्षा हे हलकं पडतं आणि प्रत्यक्षातही तसंच घडतं.

उपाय ५ : आता सेटिंग्ज

आवृत्तीनुसार हे पर्याय व्हिडिओ किंवा एक्सपेरिमेंटल टॅबमध्ये मिळतील. एका वेळी एकच बदला आणि सेव्हपासून पुन्हा मोजा.

- डायनॅमिक शॅडोज : यार्डासाठी सर्वात आधी हे बंद करून बघा. प्रत्येक वॅगन पुन्हा काढणं वाचतं. 'सगळ्या शेप्सना सावली' हा पर्याय तर बंदच ठेवा.
- व्ह्यूइंग डिस्टन्स : मूळ आकडा २,००० मीटर. हा कमी केल्याने मोकळ्या मार्गावर फायदा होतो, पण यार्डात अपेक्षेपेक्षा कमी. भारतात लूप लाइनची प्रमाण लांबी सुमारे ६८६ मीटर असते, म्हणजे यार्डातली गर्दी मुळातच जवळ असते. दोन हजाराचे दीड हजार केले तरी ती गाळली जात नाही.
- एलओडी बायस : शून्याखाली आणला की कमी तपशिलाची पातळी लवकर वापरली जाते. मॉडेलमध्ये पातळ्या असतील तरच उपयोग.
- वर्ल्ड ऑब्जेक्ट डेन्सिटी : कमी केल्यास किरकोळ सीनरी गळते.
- ओव्हरहेड वायर : बंद केल्यास भार कमी होतो, पण इलेक्ट्रिक मार्गावर ते ओकंबोकं दिसतं. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.
- साउंड डिटेल लेव्हल : ऑडिओ टॅबमध्ये. प्रत्येक वॅगनच्या आवाजाच्या फाइल्स असतात, एक-दोन पायऱ्या खाली आणा.
- परफॉर्मन्स ट्यूनर : ठरवलेला एफपीएस राखण्यासाठी हा व्ह्यूइंग डिस्टन्स आपोआप कमी-जास्त करतो. वरच्याच कारणामुळे यार्डात याच्यावर फार विसंबू नका.

गचके खात असेल तर

सरासरी एफपीएस ठीक आहे पण यार्ड जवळ येताना मध्येच गाडी गोठते, हे लोडरचं काम. रूट २,०४८ मीटरच्या चौकोनी टाइल्समध्ये विभागलेला असतो. नवी टाइल आणि नवे रेक टप्प्यात आले की शेकडो छोट्या फाइल्स वाचाव्या लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला नेमकं हेच जड जातं. सिम्युलेटरचा सगळा डेटा एसएसडीवर हलवा, गचक्यांवर याच्याइतका सरळ उपाय दुसरा नाही. पण सतत संथ चालणाऱ्या गेमला एसएसडीने वेग येत नाही. म्हणून आधी मोजा म्हटलं.

लॅपटॉपवाल्यांसाठी

- चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो.
- विंडोजमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा.
- दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या डिस्प्ले, मग ग्राफिक्स या सेटिंगमध्ये ओपन रेल्ससाठी दमदार चिप निवडा.
- सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने संथ, असं होत असेल तर उष्णता हे कारण असू शकतं. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, पंख्याची जाळी साफ करा. एप्रिल-मेमध्ये हा फरक जास्त जाणवतो.
- रॅमची एकच पट्टी असेल आणि इंटिग्रेटेड ग्राफिक्स असेल, तर जुळणारी दुसरी पट्टी टाकल्याने ड्युअल चॅनल मिळतो आणि मेमरीची रुंदी दुप्पट होते. चाचणी ३ मध्ये खिडकी लहान केल्यावर एफपीएस वाढला असेल तर नव्या मशीनआधी हे करून बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मग ग्राफिक्स कार्ड कधी घ्यायचं?
चाचणी ३ मध्ये खिडकी लहान केल्यावर एफपीएस स्पष्ट वाढला असेल, रॅमची दुसरी पट्टी टाकून झाली असेल आणि तरी मोठ्या पडद्यावर खेळायचं असेल, तेव्हा. नाहीतर नाही.

किती एफपीएस पुरे?
मोकळ्या मार्गावर ६० छान वाटतं. यार्डात ३० स्थिर मिळाले तर शंटिंग नीट करता येतं. २५ ते ६० असं वरखाली होण्यापेक्षा स्थिर ३० बरं.

सगळ्या वॅगन्स ठेवायच्याच असतील तर?
मग उपाय २ आणि ३ एकत्र करा : पलीकडच्या लाइन सीनरी, त्यात एकच मॉडेल, जास्त एलओडी पातळ्यांचं. लगतची एक लाइन खरी. सावल्या बंद.

दुसऱ्याने बनवलेला सिनॅरिओ बदलता येतो का?
हो. प्रत काढा, अॅक्टिव्हिटी एडिटरमध्ये उघडा आणि सुटे रेक एकेक काढत मोजत जा. सिनॅरिओच्या सूचनांमध्ये ज्या रेकचा उल्लेख आहे ते मात्र काढू नका, नाहीतर काम पूर्ण झाल्याची नोंद होणार नाही.

थोडक्यात क्रम

१. यार्डाआधी सेव्ह करा, चार चाचण्या करा, आकडे लिहा.
२. न दिसणारे आणि न जोडायचे रेक काढा.
३. शोभेच्या वॅगन्स सीनरीत टाका, एकाच फोल्डरची वापरा.
४. एआय गाड्यांच्या वेळा पसरवा.
५. सावल्या बंद, मग बाकीच्या सेटिंग्ज.
६. गचके असतील तर एसएसडी. चाचणी ३ ग्राफिक्सकडे बोट दाखवत असेल तर आधी रॅमची दुसरी पट्टी.
७. सगळं करूनही चाचणी ३ तेच सांगत असेल, तरच ग्राफिक्स कार्ड.

पहिल्या पाच पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही, आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.